पान एकशे अठ्ठावीसनंतर

बाइंडिंगच्या कारखान्यात त्याचं नाव सावकाश. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे. ते तिथेच असतं, कोणी त्याला त्रास देत नाही. पहिल्या दिवशी फोरमनकाकांनी त्याला एका दमात पाच कामं सांगितली. ते फर्मे उचल, इथे रच, खळ ढवळ, मावशींना दोरा दे आणि येताना तो पंखा बंद कर. तो जागचा हलला नाही. "सावकाश सांगा," म्हणाला. काकांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. "मोठ्यानं नको. एकेक करून सावकाश सांगा." काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि स्वतःच जाऊन पंखा बंद केला. तेव्हापासून सावकाश.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. तेविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. त्या काळात भिंतीतून माणसं त्याच्याशी बोलायची आणि मोटारींच्या नंबरांमधून त्याला निरोप यायचे. गोळ्या सुरू झाल्या, भिंती गप्प बसल्या, नंबरही मुकाट्याने नंबर झाले. नातेवाईक म्हणाले, सुटलो. पण डोकं काही पूर्वीसारखं चालेना. परिच्छेदाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जायची. दोन माणसं एकदम बोलली की दोघांपैकी एकाचंही त्याच्यापर्यंत पोचायचं नाही. दुकानातून तीन वस्तू आणायला पाठवलं तर एक घेऊन यायचा, आणि ती त्या तिघींपैकी नसायची. बघणाऱ्याला हा आळस वाटतो, नाहीतर माज. नातेवाइकांनी दोन्ही शब्द आलटून पालटून वापरून पाहिले, गुण आला नाही. शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की हा आजाराचाच भाग आहे, आवाजांपेक्षाही चिवट. आवाजांना गोळी होती, याला नाही. याला फक्त युक्त्या आहेत.

त्या युक्त्या त्याने पाठ केल्या नाहीत, कारण पाठ राहणार नाहीत हे त्याला माहीत होतं. त्या वहीत आहेत आणि वही खिशात आहे. एका पानावर एकच काम. सांगितलेलं सांगणाऱ्यालाच परत म्हणून दाखवायचं, "म्हणजे मी आता पुठ्ठे कापायचे, बरोबर?" याचा नव्या माणसाला राग येतो, जुन्याला सवय होते. अवघड काम अकरा ते एकच्या मधे, कारण त्याआधी गोळ्यांची गुंगी असते आणि त्यानंतर डोकं दमलेलं. किल्ली खिळ्याला, चष्मा डब्यावर, डबा खिडकीत. या तिघांपैकी कोणी जागा बदलली तर तो दिवस गेलाच म्हणायचा. आणि विनोद झाला की तो दुसऱ्या दिवशी हसतो. ही युक्ती नव्हे, तेवढा वेळच लागतो. शिलाईवाल्या मावशी आता मान वर न करताच विचारतात, "आज कुठला?" "कालचा. काकांच्या टोपीचा." "बरं, हास," म्हणत त्या सुईत दोरा ओवतात.

त्याचं काम जुळवणीचं. छापखान्यातून पुस्तक पुस्तक म्हणून येत नाही, फर्मे म्हणून येतं. मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असतात, घड्या घातल्या की तो एक फर्मा. लांब टेबलावर अशा फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलायचा. टोकाला पोचलं की हातात पुस्तक. चूक होऊ नये म्हणून छापखानेवाले प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक जाडशी काळी रेघ छापतात, दर वेळी आधीच्यापेक्षा जरा खाली. सगळे फर्मे क्रमाने लागले की पुस्तकाच्या पाठीवर रेघांचा जिना उतरताना दिसतो. एखादा फर्मा राहिला तर पायरी गळते, मागेपुढे झाला तर जिना मोडतो. अक्षरओळख नसलेला माणूसही लांबून सांगेल. काही लक्षात ठेवायला नको, काही समजून घ्यायला नको, नुसतं बघायचं. सावकाशचा या जिन्यावर फार जीव होता. सहा वर्षांत त्याच्या हातून मोडक्या जिन्याचं एकही पुस्तक पुढे गेलेलं नाही.

फोरमनकाका ओरडायचे. कटिंगवाल्यावर, मावशींवर, छापखान्यावर, टेलिफोनच्या वायरीवर. सावकाशवर मात्र कधीच नाही. एकदा त्याच्या हातून खळीचा अख्खा डबा सांडला, तेव्हा काका मऊ आवाजात "असू दे, असू दे," म्हणाले आणि फडकं वेळेवर आणलं नाही म्हणून कटिंगवाल्यावर ओरडले. हे त्याने घरी ताईला सांगितलं. "चांगलंच आहे की," ताई म्हणाली. त्यालाही चांगलंच वाटलं होतं. फक्त फार नाही.

ताई म्हणजे थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेच्या ऑफिसात कारकून. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. आई गेल्यापासून चौदा वर्षं सावकाश ताईकडे आहे आणि चौदा वर्षांत ताई एकदाही घराबाहेर मुक्कामाला राहिलेली नाही. लोक याला त्याग म्हणतात. ताईला तो शब्द ऐकला की मस्तकात तिडीक जाते, कारण म्हणणारे लोक चहा पिऊन निघून जातात. आता मुलीला दिवस गेले होते, आठवा लागला होता, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. ताईने महिन्याची रजा टाकली. शनिवारी दुपारची बस.

तयारी दोघांनी मिळून केली. गोळ्यांच्या तीस पुड्या बांधल्या. सावकाशने प्रत्येक पुडीच्या कडेवर काळी रेघ ओढली, दर पुडीला जरा खाली, आणि चळत रचली तेव्हा तीस दिवसांचा सरळ जिना तयार झाला. ताई बघतच राहिली. मग म्हणाली, "एक लक्षात ठेव. काही वेगळं वाटलं, दिसलं, ऐकू आलं, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही. फार तर काय होईल, मी जाणार नाही, एवढंच." ते "एवढंच" ती इतक्या सहज बोलली की सावकाशला त्याचं ओझं झालं.

बुधवारी कारखान्यात एका रहस्यकथेचं काम लागलं. तीनशे वीस पानं, वीस फर्मे, तीन हजार प्रती, सोमवारी द्यायच्या. गठ्ठे काकांनी स्वतः मांडले, रेघा बघून. सावकाशने सकाळी आठपासून जुळवायला घेतलं आणि अकराच्या चहाला एक प्रत घेऊन खिडकीत बसला. रोज दोन पानं वाचायची, ओळीखाली कागदाची पट्टी धरून, आणि मग झालेली गोष्ट एका वाक्यात वहीत लिहायची, हा बाईंनी दिलेला व्यायाम. तो बाइंडिंगला येईल ते वाचायचा. त्यामुळे कोंबड्यांचे आजार, घराचे नळ आणि इमारतींचे पाये या तिन्ही विषयांतलं त्याला दोन-दोन पानं ज्ञान होतं.

रहस्यकथेची सुरुवात त्याने सोडून दिली, कारण पहिल्याच पानावर आठ माणसं होती. मधेच उघडलं. पान एकशे सत्तावीस, एकशे अठ्ठावीस. एक घड्याळजी दुकान उघडतो, चहाचं आधण ठेवतो, आणि मागच्या दारावर टकटक होते. छान, एकच माणूस होता. पट्टी समोरच्या पानावर सरकवली तर घड्याळजीला पुरून चार दिवस झाले होते आणि इन्स्पेक्टर त्याच्या मेहुण्याला प्रश्न विचारत होता.

सावकाशला यात काही विशेष वाटलं नाही. गोष्टी त्याच्या हातून अशाच निसटायच्या. माणूस चहा ठेवतो आणि बघावं तर गेलेला असतो. मधलं आपलं वाचायचं राहिलं असणार, म्हणून तो मागे गेला. आधण, टकटक, आणि लगेच मेहुणा. मग त्याची नजर पानांच्या आकड्यांवर गेली. डावीकडे एकशे अठ्ठावीस. उजवीकडे एकशे पंचेचाळीस.

त्याने पुस्तक मिटलं. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: आकड्यांच्या मागे जायचं नाही. मोटारींचे नंबर बोलायचे त्या दिवसांपासून हा नियम होता, आणि तो त्याने कसोशीने पाळला होता. त्याने पुस्तकाची पाठ बघितली. जिना सरळ, एकही पायरी कमी-जास्त नाही. मग दुसरी प्रत उघडली. एकशे अठ्ठावीस, एकशे पंचेचाळीस. तिसरी. तेच.

दुसऱ्या कोणाला हा पुरावा वाटला असता. सावकाशला उलट वाटलं. आजार ऐन भरात होता तेव्हा त्याला पुराव्याची कधीच कमतरता पडली नव्हती. हवा तेवढा, हव्या त्या मोटारीवर मिळायचा. सगळ्या प्रतींत तेच दिसतंय म्हणजे दोष प्रतींत नाही, बघणाऱ्यात आहे. आणि हे सगळं शनिवारच्या बसच्या तीन दिवस आधी. त्याला भीती वाटली. भिंतींची नाही, ताईच्या त्या "एवढंच"ची. वहीत एका वाक्यात गोष्ट लिहायची होती. त्याने लिहिलं, "घड्याळजीने चहा ठेवला." आणि उठून जुळवायला लागला.

बुधवारची दुपार जुळवलं. गुरुवारचा अख्खा दिवस जुळवलं. आकड्यांकडे बघायचं नाही, जिन्याकडे बघायचं. हात इतका बसला होता की काकांनी जाता जाता मऊ आवाजात "छान चाललंय हां," म्हटलं. गठ्ठे टेबलावरून मावशींकडे जात होते आणि मावशी मशीनवर ते धडाधड शिवत होत्या.

गुरुवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधीच, त्याने ताईला सांगितलं. "मला परत आकडे दिसायला लागलेत."

ताईची बॅग पलंगावर उघडी होती. तिने त्यातले कपडे एकेक करून काढले आणि कपाटात ठेवले, पुन्हा घड्या मोडू नयेत इतक्या जपून. बाळासाठी विणलेलं टोपडं तेवढं हातात राहिलं, त्याचा बंद तिने उगीच बोटाभोवती गुंडाळला. मग बाईंना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

बाईंनी विचारलं, "कुठले आकडे?" त्याने सांगितलं. मोटारींचे नव्हे, पुस्तकातले. निरोप काही नाही, नुसते चुकीचे.

"ते पुस्तक दुसऱ्या कोणी उघडून बघितलं?"

"नाही."

"का बरं?"

"जिना बरोबर आहे."

बाईंना जिना कळला नाही, पण त्यांनी तो सोडून दिला. म्हणाल्या, "मग उद्या एकच काम. कोणाला तरी ते पान वाचायला द्यायचं. तुम्हाला काय दिसलं ते आधी सांगायचं नाही. त्यांना काय दिसतं ते ऐकायचं. वेगळं दिसलं तर मला फोन करा, आपण गोळ्यांचं बघू."

त्याने लिहून घेतलं. "म्हणजे पान दाखवायचं, माझं सांगायचं नाही, त्यांचं ऐकायचं. बरोबर?"

"बरोबर."

ताईने कपडे मात्र परत भरले नाहीत.

शुक्रवारी तो आठला कामावर पोचला आणि अकरापर्यंत थांबला, कारण अवघड कामं अकराला करायची असतात. या नियमशीरपणामुळे मधल्या वेळात आणखी दोनशे प्रती जुळवून झाल्या. अकराला तो एक प्रत घेऊन काकांसमोर जाऊन उभा राहिला. काका टेलिफोनवर कव्हरवाल्यावर ओरडत होते. ओरडून झाल्यावर त्यांनी सावकाशकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला.

"काय रे?"

"हे पान वाचून दाखवा. एकशे अठ्ठावीस. मग समोरचं."

"का? काय झालंय?"

"ते आधी सांगायचं नाही असं ठरलंय."

काकांच्या चेहऱ्यावर काळजी आली. "बरं वाटत नाहीये का? घरी जायचंय? ताईंना फोन लावू?"

"नाही. पान वाचा."

काकांनी चष्मा लावला. समजूत घालायच्या सुरात वाचायला लागले. "घड्याळजीने आधण ठेवले. तेवढ्यात मागच्या दारावर… बरं. आणि इकडे, मेहुणा म्हणाला, मी चार दिवसांपूर्वी, दफनाच्या वेळी…" ते थांबले. "आं?" म्हणाले. पुस्तक उलटं करून जिना बघितला. जिना सरळ होता. पान परत उघडलं, बोट आकड्यावर ठेवलं. "एकशे अठ्ठावीस. एकशे पंचेचाळीस." त्यांनी हात लांब करून गठ्ठ्यातली दुसरी प्रत ओढली. मग तिसरी. काकांनीही तीन प्रती बघितल्या, हे सावकाशने नीट पाहून ठेवलं. त्याला एकदम बसावंसं वाटलं, पण तिथे खुर्ची नव्हती.

झालं होतं ते इतकंच. छापखान्याने नवव्या फर्म्याची रेघ दहाव्यावर छापली होती आणि दहाव्याची नवव्यावर. रेघा बघून मांडले तर जिना सुरेख आणि पुस्तक चुकीचं. काकांनी रेघा बघून मांडले होते. सगळं आयुष्य ते रेघा बघूनच मांडत आले होते.

"तुला हे आत्ता दिसलं?" काकांनी विचारलं. आवाज अजून मऊ होता.

"नाही. बुधवारी. अकराच्या चहाला."

"बुधवारी?"

"हो."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

आणि काका ओरडले. आधीची सहा वर्षं तुंबून राहिली असावीत, असे ओरडले. "दोन दिवस! दोन दिवस डोळ्यांनी बघतोयस आणि वर जुळवतोयस! डोळे आहेत की बटणं? तोंड काय शोभेला दिलंय? नऊशे प्रती शिवून झाल्या, त्या आता उसवणार कोण, तुझे आजोबा?"

मशीन थांबलं. मावशी मधे पडल्या. "अहो, त्याला कशाला बोलताय, त्याचं तुम्हाला ठाऊक आहे ना."

"त्याला नाही बोलू तर कोणाला बोलू?" काका त्यांच्याकडे वळले. "मी आंधळा, तुम्ही आंधळ्या, हा कटिंगवाला जन्माचा आंधळा. अख्ख्या कारखान्यात एकाला दिसलं, आणि तो गप्प! दिसणाऱ्यानंच बोलायचं नाही तर मग बोलायचं कोणी?"

सावकाशने खिशातून वही काढली. "काका, सावकाश ओरडा. मी लिहून घेतो."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. पण सहा वर्षांची सवय मोठी असते. त्यांनी खाकरून घेतलं आणि शुद्धलेखन घालावं तसे पुन्हा सुरुवातीपासून ओरडायला लागले. "डोळे आहेत… की बटणं." "की बटणं. पुढे?" "तोंड काय… शोभेला दिलंय." "शोभेला. हं." कटिंगवाला बाहेर पळाला, त्याला हसू आवरत नव्हतं. आजोबांपर्यंत पोचेतो काकांचा राग बराच पातळ झाला होता.

सावकाशने लिहिलेलं परत वाचून दाखवलं. मग विचारलं, "म्हणजे मला दिसलं की लगेच सांगायचं. बरोबर?"

"बरोबर."

"आजारामुळे दिसलेलं असेल तरी?"

काका जरा वेळ चष्म्याच्या काड्या उघडझाप करत राहिले. "तरी सांग," ते म्हणाले. "मी चष्मा लावून बघेन. नसलं तर नाही म्हणून सांगेन. त्याला काय दोन मिनिटं लागतात." मग ते टेलिफोनकडे गेले आणि छापखान्यावर ओरडले. दुपारभर चौघं बसून टाके उसवत होते.

संध्याकाळी सावकाशने आधी बाईंना फोन केला. "काकांना पण तेच दिसलं."

"मग काय म्हणाले?"

"ओरडले."

मग ताईला सगळं सांगितलं. तिने वही वाचायला लावली. बटणं, शोभेला, आजोबा. पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा आजोबांपाशी आल्यावर ताई पलंगावर बसली आणि रडायला लागली. सावकाशने थोडं थांबून पाहिलं. मग विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

"चांगलं," ताई म्हणाली, नाक पुसलं, आणि कपाट उघडून कपडे बॅगेत भरायला लागली. ते टोपडं सगळ्यात वर ठेवलं.

शनिवारी दुपारी तो तिला बसवर सोडायला गेला. ताई खिडकीत बसली आणि एका दमात सांगायला लागली. गॅस बंद कर, पुडी जेवल्यावर घे, आधी नको, शेजारच्या काकूंकडे एक किल्ली आहे, रोज सातला फोन करीन, आणि दूध उतू घालवू नकोस.

"सावकाश," तो म्हणाला.

ती थांबली. त्याने वही काढली, पाच पानांवर पाच गोष्टी लिहिल्या आणि परत म्हणून दाखवल्या. ड्रायव्हर चढला. बस घरघरायला लागली. आणि सावकाश हसायला लागला, आधी नाकातल्या नाकात, मग चांगलं खांदे हलवून.

"काय रे? आज कुठला?" ताईने विचारलं.

"काका ओरडले तो."

"ते काल झालं."

"हो. आज पोचलं." बस हलली. तो खिडकीला धरून दोन-चार पावलं बरोबर चालला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसू काही थांबत नव्हतं. "ताई, काका माझ्यावर ओरडले," तो म्हणाला. "सगळ्यांवर ओरडतात तसे."